पूस सरला, पौष उरला

पंढरीनाथ देशकरांना लखनौत येऊन इतकी वर्षं झाली होती, की सब्जीवाल्याशी घासाघीस करताना त्यांना मराठी आठवत नसे आणि देवासमोर हात जोडल्यावर हिंदी. मूळचे वर्ध्याचे. बी.कॉम. झाले आणि केंद्र सरकारच्या एका संशोधन संस्थेच्या लेखा विभागात चिकटले. आज ना उद्या बदली होईल म्हणून पहिली काही वर्षं त्यांनी सामानाची खोकीसुद्धा पुरती सोडली नव्हती. बदली झाली नाही. मग जानकीपुरमला घर बांधलं, मुलगी कौमुदी इथेच वाढली, मराठीत विचारलेल्याला हिंदीत उत्तर द्यायला लागली, आणि देशकर लखनौचे झाले.

माणूस सरळ. कुणाचं वाईट चिंतणार नाही, कुणाचा चहा फुकट पिणार नाही. गाडी सुटायच्या कितीतरी आधी स्टेशनवर जाऊन बसणार. ऑफिसातले मोठमोठे शास्त्रज्ञ त्यांच्या टेबलासमोर जरा बिचकून उभे राहत, कारण अपुरा कागद देशकर हसतमुखानं परत करत आणि वर म्हणत, "रीतीनं येऊ द्या, साहेब. मलाही बरं, तुम्हालाही बरं." या रीतीचा त्यांना अभिमान होता. आपल्या हातून आजवर कुणाचं नुकसान झालेलं नाही, अशी त्यांची पक्की समजूत होती, आणि त्या जानेवारीअखेर ते तीच समजूत घेऊन निवृत्त होणार होते.

शहरातल्या मराठी कुटुंबांचं एक लहानसं मंडळ होतं. लष्करातले, हवाई दलातले, प्रयोगशाळांमधले, विद्यापीठातले लोक. गणपती बसवायचा, कोजागिरीचं दूध आटवायचं आणि थंडीत एखाद्या खेड्यात जाऊन ब्लँकेटं वाटायची, एवढा त्याचा व्याप. देशकर मंडळाचे कार्यवाह. अध्यक्ष होते हवाई दलातून निवृत्त झालेले ग्रुप कॅप्टन हर्षवर्धन निंबाळकर. इंदिरा नगरला राहत, आवाज अजून परेड मैदानावरचा.

आदल्या थंडीत ब्लँकेटं वाटायला हे लोक कुर्सी रोडनं पुढे आत असलेल्या खेरवा नावाच्या गावी गेले होते. रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईनं ब्लँकेट घेतलं, उलटंसुलटं पाहिलं आणि परत देशकरांच्या हातात ठेवलं.

"कंबल तो दे दिए बाबूजी, मगर रखी कहाँ?"

ब्लँकेट ठेवू तरी कुठे, असं विचारणाऱ्या त्या बाईचं नाव सरोज. नवरा गेल्यावर मातीच्या घराची भिंत बसली, ती कुणी उचलली नाही. पुतण्यानं त्या जागेवर भुसा टाकला, मग खुंट्या ठोकल्या, मग जागा त्याचीच झाली. सरोज आणि तिची एक बकरी तेव्हापासून पंचायत घराच्या ओसरीवर मुक्कामाला होत्या. मागच्या वर्षीचं ब्लँकेट ती कापणीला गेलेली असताना तिथूनच चोरीला गेलं होतं. सरकारी घरकुल मिळायचं तर नावावर जमीन हवी. जमीन नव्हती म्हणून घर नाही, आणि घर नव्हतं म्हणून गावाच्या हिशेबात ती कुठे राहते हेच कुणाला सांगता येत नव्हतं.

पुढच्या बैठकीत निंबाळकर म्हणाले, "बस झाली ब्लँकेटं. या वेळी छप्पर. देशकर, तुम्ही बघा."

आणि देशकरांनी बघितलं. त्या वर्षातले त्यांचे जवळजवळ सगळे रविवार खेरव्यात गेले. गावची प्रधान, म्हणजे आपल्याकडची सरपंच, विभा नावाची तिशीतली बाई होती. बऱ्याच गावांत प्रधान नावापुरती बायको असते आणि कारभार नवरा करतो. इथे नवरा दुकान चालवायचा आणि गाव विभा. तिनं पंचायतीकडून आबादीच्या, म्हणजे गावठाणाच्या, कडेची चिमूटभर जागा सरोजच्या नावावर करून घेतली. ब्लॉकच्या ऑफिसात खेटे घालून शौचालय आणि विजेचं मीटर मंजूर करून आणलं. विटा, छत, दार, खिडकी मंडळाकडे. कुणाचं काम कुठे संपतं आणि कुणाचं सुरू होतं, हे देशकरांनी विभाबरोबर बसून असं आखून घेतलं होतं की कुठे अडलं नाही. एक खोली, पुढे हातभर ओसरी. भिंत उभी राहताना सरोज बकरी बांधून समोर बसून असायची. मध्येच उठून ओल्या भिंतीला तळवा लावायची आणि हात पदराला पुसायची.

वर्ष संपता संपता घर तयार झालं. देशकरांनी दाराला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली, कारण ताबा रीतसर द्यायचा होता.

इथवर सगळं ठीक होतं.

त्या रविवारी घरी आल्यावर देशकर भिंतीवरच्या मराठी कॅलेंडरापुढे उभे राहिले. बायको, अरुणाताई, मटार सोलत होत्या.

"पौष लागला की गं."

"मग?"

"गृहप्रवेश पौषात कसा करणार? बिचारीला आयुष्यात एकदा घर मिळतंय. आपल्याकडून उणं राहायला नको."

"गुरुजींना विचारा की. पौषातसुद्धा वास्तूचे दिवस असतात म्हणे."

"त्यात विचारायचं काय? पौष तो पौष."

त्यांनी गुरुजींना विचारलं नाही. निंबाळकरांना मात्र लगेच फोन केला. निंबाळकर खूश झाले. "उत्तम! मग माघी गणेश जयंतीलाच करू. तुम्ही आदल्या दिवशी रिटायर होताय ना? बस नेऊ, सगळ्यांना घेऊन जाऊ. गृहप्रवेश आणि तुमचा सत्कार, एकाच मांडवात! शाल, श्रीफळ, मानपत्र. नाही म्हणायचं नाही, देशकर."

देशकर नाही म्हणाले, पण जेवढं म्हणायची पद्धत आहे तेवढंच. फोन ठेवल्यावर ते बराच वेळ उगाच खोलीतल्या खोलीत फिरत होते. नव्या घराच्या दारात आपण उभे आहोत, समोर मंडळाची माणसं, गावची माणसं, आणि खांद्यावर शाल, हे चित्र त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना.

विभालाही तेव्हा यात वावगं वाटलं नाही. "हाँ साहब, खरमास तो हमारे यहाँ भी है। खिचड़ी तक कोई शुभ काम नहीं करता," ती म्हणाली. खरमास म्हणजे आपल्या पौषासारखा शुभ कामाला वर्ज्य महिना, आणि खिचड़ी म्हणजे तिकडची संक्रांत. सरोजला कुणी काही विचारलं नाही. तिला फक्त सांगितलं गेलं, की तिच्या घरासाठी चांगला दिवस काढला आहे.

नव्या घराच्या ओसरीकडे बोट दाखवत तिनं विचारलं, "ओसारे मा पड़ि रही, बाबूजी? भीतर न जाब।"

"अरे, रंग ताज़ा है अम्मा. थोड़ा सब्र." मग स्कूटरला किक मारता मारता देशकर आणखी एक वाक्य बोलून गेले. दार नवं, चौकट नवी, कडीकोयंडा नवा. गावात अशा वस्तू रातोरात जातात हे त्यांना माहीत होतं. "ज़रा नज़र रखना. कोई दरवाज़ा-चौखट न उखाड़ ले जाए।"

"हाँ बाबूजी," ती म्हणाली.

जानेवारीत लखनौवर धुकं उतरलं. दुपारपर्यंत समोरच्या घराचं गेट दिसायचं नाही. शाळांना सुट्ट्या पडल्या. देशकरांच्या घरात हीटर लागला, आणि ऑफिसात त्यांच्या निरोपाची तयारी. नवा सूट शिवायला टाकला. खेरव्याला जायचं कारणच उरलं नव्हतं. धुक्यात स्कूटर घालणंही शहाणपणाचं नव्हतं.

संक्रांत झाली. दुसऱ्या दिवशी विभाचा फोन.

"साहब, खिचड़ी हो गई। अब चाबी भिजवा दीजिए, काकी को अंदर कर दें।"

देशकर सूटच्या ट्रायलला निघाले होते. "अरे विभाजी, हमारे यहाँ पौष अभी बाक़ी है. आपके यहाँ महीना पूर्णिमा को ख़त्म होता है, हमारे यहाँ अमावस्या को."

मग ती म्हणाली, "साहब, घर आपके यहाँ थोड़े ही है। घर तो हमारे यहाँ है।"

देशकर हसले. बिनतोड बोलणं ऐकलं की ते असंच हसत. "बस थोड़े दिन, विभाजी. सब तय हो गया है. बस, मेहमान, सब कुछ. और फिर वो पंचायत घर के ओसारे में है ही, तीन तरफ़ दीवार है।"

विभा काहीतरी सांगू लागली होती. पण टेलर वाट बघत असेल म्हणून त्यांनी "बाद में बात करते हैं" म्हणून फोन ठेवला. नंतर केला नाही. तिनं पुन्हा केला तो दोनदा त्यांनी मीटिंगमध्ये असल्यासारखा वाजू दिला. मीटिंग नव्हती.

सकाळी चहा घेताना अरुणाताई एकदा म्हणाल्या, "अहो, ती बाई या थंडीत..."

"तिची सोय आहे, अरुणा."

"मी कुठे काय म्हटलं?"

जानेवारीचा शेवटचा आठवडा लागला आणि एका सकाळी विभाचा फोन कौमुदीच्या मोबाईलवर आला. तो नंबर तिनं कुठून मिळवला कोण जाणे. कौमुदी फोन घेऊन बाहेर आली आणि बापाच्या तोंडाकडे न बघता म्हणाली, "बाबा, वो सरोज अम्मा अस्पताल में हैं। प्रधानजी पूछ रही हैं कि आप अब तो फ़ोन उठाएँगे?"

देशकर आणि अरुणाताई गाडी करून निघाले. सामुदायिक आरोग्य केंद्राच्या दारातच विभा उभी होती. शाल डोक्यावरून घेतलेली, डोळे लाल.

"निमोनिया बता रहे हैं। बच जाएगी। मगर बहुत देर बाहर रही।"

"बाहर मतलब? पंचायत घर में तो..."

"पंचायत घर में वो तब से है ही नहीं साहब, जब से आपने चौकीदारी पर लगाया।"

देशकरांना आधी कळेचना. मग विभानं सांगितलं, आणि ती बोलत असताना तिच्याकडे बघणं त्यांना जमेना. बाबूजींनी दारावर नजर ठेवायला सांगितलंय म्हणून सरोज त्याच दिवशी पंचायत घरातून उठली होती. ओसरीवर चढायला बाबूजींनी मनाई केली होती, म्हणून ओसरीवर नाही. ओसरीच्या खाली, उघड्यावर, एक प्लास्टिक बांधून ती आणि बकरी पौषभर स्वतःच्या कुलूपबंद घराला राखण बसल्या होत्या. गावातल्या बायांनी ओढून नेलं तर जात नव्हती. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी विभा फोनवर हेच सांगू लागली होती, तेव्हा देशकरांनी फोन ठेवला होता.

"मैं ताला तोड़ देती," विभा म्हणाली, "मगर काकी ने मेरे पैर पकड़ लिए। बोली, बाबूजी की बात कट जाएगी।"

अरुणाताई नवऱ्याच्या पुढे होऊन आत गेल्या.

खाटेवर सरोज एवढीशी दिसत होती. देशकरांना पाहून ती उठायला लागली. नर्सनं दटावून झोपवलं.

"बाबूजी," ती धापा टाकत म्हणाली, "दुइ रात से घर अकेला पड़ा है।"

माफी मागत होती ती. देशकरांच्या कानशिलांतून ऊन वाफ निघाल्यासारखं झालं. अंगात स्वेटर, त्यावर कोट, गळ्याला मफलर, डोक्याला कानटोपी. हे सगळं त्यांना एकदम जड झालं, आणि उतरवून ठेवायला जागा सापडेना.

"घर को कुछ नहीं होगा अम्मा. आज ही चाबी देता हूँ. ठीक होकर सीधे अंदर जाना।"

सरोजनं मान हलवली. "नाहीं बाबूजी। आप मुहूरत निकरवाए हैं। पूजा के बादै जाब। अब केतना दिन है।"

"अम्मा, उसकी ज़रूरत नहीं..."

"काहे नाहीं? हमरे बरे केहू आज तक मुहूरत नाहीं देखिस।"

माझ्यासाठी आजवर कुणी मुहूर्त पाहिला नाही, असं ती म्हणत होती, आणि ते म्हणताना तिचा चेहरा उजळला होता. विभानं समजावून पाहिलं, अरुणाताईंनी पाहिलं. ती ऐकेना. बाबूजींच्या देशात पूस, म्हणजे पौष, अजून सरला नाही, बाबूजी शिकलेले आहेत, उगाच थांबवतील का?

आता एकच वाट होती आणि ती देशकरांना दिसत होती. ते कानटोपी काढून हातात धरून उभे राहिले. बाजूच्या खाटेवरची बाई, तिची सून, नर्स, विभा आणि स्वतःची बायको, सगळ्यांच्या देखत त्यांना ते बोलायचं होतं. हे त्यांनी आजवर स्वतःशीसुद्धा धड म्हटलं नव्हतं.

"अम्मा, मुहूर्त नहीं था।"

"का नाहीं था?"

"मैंने किसी पंडित से पूछा ही नहीं. उस दिन... उस दिन मेरा सत्कार था. मेरी नौकरी पूरी हो रही है. लोग आने वाले थे, तुम्हारे घर के सामने. इसलिए दिन आगे किया. पूस का बस नाम लिया।"

खोलीत कुणीतरी खोकलं. सरोज कपाळाला आठ्या घालून विचार करत राहिली. तिला राग आलेला दिसत नव्हता. तिला फक्त समजून घ्यायचं होतं.

"सत्कार मा का होत है?"

"कुछ नहीं... लोग ताली बजाते हैं. शाल ओढ़ाते हैं।"

"काहे?" सरोजनं त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "जाड़ा लागत रहा?" म्हणजे, थंडी वाजत होती का?

बाजूच्या खाटेवरची बाई फसकन हसली. तिच्या सुनेनं तोंडाला पदर लावला. विभा खिडकीबाहेर बघू लागली. सरोज मात्र हसली नाही. तिनं प्रश्न विचारला होता आणि ती उत्तराची वाट बघत होती. देशकरांनी हातातली कानटोपी कोटाच्या खिशात कोंबली. परतताना गाडीत अरुणाताई फक्त एवढंच म्हणाल्या, "मला तरी सांगायचंत."

सरोजला घरी सोडलं तेव्हा देशकरांच्या कॅलेंडरात पौषच होता. विभानं कुलूप उघडलं. कुणी नारळ फोडला नाही. सरोज आधी बकरीला आत ढकलून मग आपण गेली, भिंतीला तळवा लावून बघितला आणि कोपऱ्यात जाऊन बसली. "आवा बाबूजी," ती आतून म्हणाली. देशकर ओसरीखाली उभे होते. तिथे प्लास्टिक बांधलेल्या काठ्या अजून रोवलेल्या होत्या, खाली गवत दबून माणसाच्या आकाराचं झालं होतं. ते आत गेले नाहीत. त्यांनी काठ्या उपटल्या, गवत गोळा केलं आणि दूर नेऊन टाकलं. विभानं मदत केली नाही, आणि तेच त्यांना बरं वाटलं.

निंबाळकरांना सगळं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "झालं ते वाईट झालं. पण देशकर, तुम्ही फार मनाला लावून घेता. तुम्ही नसता तर घर तरी झालं असतं का?"

"सत्कार नको, साहेब."

"हे बघा, बस ठरली आहे. लोक घर बघायला उत्सुक आहेत. सत्कार नको तर नको, बघून तर येऊ."

गणेश जयंतीला बस खेरव्यात पोचली तेव्हा दुपार टळत होती. ऊन नव्हतं. वाऱ्यानं बायकांचे पदर फडफडत होते. मोदकांचे डबे, हार, एक समई, आणि कुणाच्या तरी पिशवीतून डोकावणारी शालीची घडी. नकोच म्हटलेलं असूनही ती कुणी आणली होती, ते देशकरांनी विचारलं नाही.

दार आतून बंद होतं.

विभा समोरून आली. "काकी सो रही हैं। दवा लेकर सोती हैं आजकल।"

"उठवा ना," मागून कुणीतरी म्हणालं. "आपण एवढ्या लांबून आलोय."

निंबाळकर पुढे झाले. ठोठावण्यासाठी त्यांनी हात उचलला, तोच देशकर त्यांच्या आणि दाराच्या मध्ये येऊन उभे राहिले. इतक्या वर्षांत त्यांनी अध्यक्षांना कधी अडवलं नव्हतं.

"झोपू द्या, साहेब."

"अहो, पण मंडळी गारठतायत. किती वेळ?"

"ती उठेपर्यंत."

निंबाळकरांनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि हात खाली घेतला. माणसं कुजबुजली. काही बसमध्ये जाऊन बसली. काही तिथेच पाय आपटत, हात चोळत उभी राहिली. कौमुदीनं आईच्या खांद्याला खांदा लावला. पिशवीतली शाल मग कुणीतरी काढली आणि बसपर्यंत जायचं जिवावर आलेल्या एका वयस्क बाईंच्या पायांवर घातली.

आतून बकरी एकदा ओरडली आणि थांबली. देशकर दाराकडे पाठ करून उभे होते. ओळखीचा जो जो चेहरा समोर येई त्याच्याकडे बघणं त्यांना जड जात होतं, पण आज ते बघत होते. दार मात्र उघडलं नाही, आणि कुणी ठोठावलंही नाही.